भोक कच्चं, बीप पक्का

पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात एक वहिनी कापडी पिशवीतून एक कार्ड घेऊन आल्या. लोकमान्य नगरात त्यांचा फराळाचा उद्योग आहे. चकली, चिवडा, शंकरपाळी अशी पाकिटं एका छोट्या बोगद्यातून जातात आणि गरम हवेने वरचं प्लास्टिक आवळलं जातं, त्या श्रिंक पॅकिंग मशीनचं हे कंट्रोल कार्ड. ट्रान्सफॉर्मरच्या खालची जागा जळून कोळसा झालेली, दोन-तीन ट्रॅक, म्हणजे करंट नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, तर गायबच. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"भाऊ, घटस्थापनेला मशीन फिरायला हवं. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसलेय," वहिनी म्हणाल्या. "पितृपक्षात नवीन मशीन घ्यायचं नाही असं सासूबाई म्हणतात. आणि खरं सांगू, मला ते परवडतही नाही."

म्हणजे हातात जेमतेम बारा-तेरा दिवस. जुनं कार्ड दुरुस्त होण्यातलं नव्हतं. कार्ड ज्याचं बनतं ते ग्लास इपॉक्सी एकदा कोळसा झालं की ते स्वतःच करंट वाहू लागतं, त्यावर तारा ओढून भागत नाही. नवीन कार्ड काढणं भाग होतं.

इथे कुणीही विचारेल की बाहेर का नाही दिलं? कार्ड बनवून देणारे बोर्ड हाऊस आठवड्याच्या आत दोन थरांचं कार्ड देतात, खोटं कशाला बोलू. पण जळालेल्या भागातले ट्रॅक मी अंदाजाने काढले होते. पहिलं कार्ड चुकणार याची मला जवळजवळ खात्री होती, आणि चुकलेल्या कार्डासाठी आठवडा घालवणं शक्य नव्हतं. शिवाय डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा ऐरोलीहून रोज गाळ्यात येत होता आणि "मामा, घरीच प्लेटिंग करू ना" असं महिनाभर कानाशी गुणगुणत होता.

घरी एकेरी, म्हणजे एकाच बाजूला ट्रॅक असलेलं, कार्ड करणं सोपं असतं. दुहेरी कार्डात घोडं अडतं ते भोकापाशी. वरचा ट्रॅक खालच्या ट्रॅकला जोडायचा तर भोकाच्या भिंतीवर तांबं हवं, आणि ड्रिल केल्यावर तिथे काच आणि इपॉक्सीखेरीज काही नसतं. जुना उपाय म्हणजे भोकात तार घालून दोन्हीकडून डाग द्यायचा. या कार्डावर नुसत्या जोडणीची भोकं, म्हणजे व्हाया, ३८ होती. ती तेवढी तारेने निभावली असती. पण ४० पायांचा आयसी सॉकेट, रिले, डिस्प्लेचा कनेक्टर ही सगळी मंडळी बोर्डावर बूड टेकून बसतात, आणि वरचे ट्रॅक नेमके त्यांच्या बुडाखाली जातात. तिथे सोल्डरिंग आयर्नचं टोक घालणार कुठून? एकूण भोकं २१२. भोकाच्या भिंतीवर करंटने तांबं चढवायला, म्हणजे प्लेटिंगला, पर्याय नव्हता.

भिंत करंटवाहू कशी करायची हा पहिला प्रश्न. कारखान्यात यासाठी पॅलेडियम आणि कथिलाचं द्रावण वापरतात. चार्ल्स शिप्ली यांचं त्यावरचं पेटंट १९६१ सालचं आहे आणि ती पद्धत आजही चालते, पण पॅलेडियम आपल्या खिशाला झेपणारं नाही. भाच्याने कॉपर हायपोफॉस्फाइटची पद्धत सुचवली, म्हणजे भोकात द्रावण भरायचं, बोर्ड तापवायचा, की भिंतीवर तांबं उतरतं. मी साफ नाही म्हटलं. त्या तापवण्यात फॉस्फीन वायू सुटू शकतो, आणि आमच्या गाळ्याला एकच खिडकी, तीही पावसाळ्यात बंद. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून ग्रॅफाइटचा कंडक्टिव्ह लॅकर आणला. तो पातळ करून भोकांवर फिरवला, खालून व्हॅक्यूम क्लीनरने ओढला म्हणजे भोक बुजत नाही, ओव्हनमध्ये वाळवला आणि वरच्या तांब्यावरचा काळा थर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून काढला. हे घासणं कंटाळवाणं असलं तरी इथे घाई करायची नाही. भोकाच्या काठाशी ग्रॅफाइट राहिलं तर नवं तांबं जुन्या तांब्यावर न बसता ग्रॅफाइटवर बसतं आणि पुढे साल निघावी तसं सुटतं. एका फालतू तुकड्यात एकच भोक पाडून मोजलं तर आरपार ३४ ओहम आले. सुरुवातीला तेवढं पुरेसं होतं.

मग तांब्याचं पाणी. आमच्या मागच्या गल्लीत एक प्लेटिंगवाले काका आहेत. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या यांना निकेलच्या आधी तांब्याचा थर देतात. अतिशय दिलदार माणूस. पाच लिटरचा कॅन भरून आपल्या टाकीतलंच पाणी दिलं आणि वर करंट पुरवायला एक छोटा रेक्टिफायरही दिला. म्हणाले, "लिटरला दोनशे ग्रॅम मोरचूद, पन्नास ग्रॅम अ‍ॅसिड. ब्राइटनर घातलेलं आहे. तीन अँपिअर दर चौरस डेसिमीटरला लावा, आरशासारखं निघेल." आणि निघालं की! चौकटीसकट पॅनेल १४ बाय १२ सेंटिमीटरचं, दोन्ही बाजू मिळून ३.३६ चौरस डेसिमीटर. दहा अँपिअर, पस्तीस मिनिटं. मध्येच दहा मिनिटं लाईट गेली, आली, पुन्हा चालू केलं. पॅनेल बाहेर काढलं तेव्हा त्यात भाच्याला आपला चेहरा दिसत होता.

तपासणीही केली, हे मुद्दाम सांगतो. मायक्रोमीटरने जाडी पाहिली. आधी १.६० मिलिमीटर होती, आता १.६५ भरली, म्हणजे दर बाजूला साधारण पंचवीस मायक्रॉन. फॅरेडेचा हिशेबही, म्हणजे किती करंटला किती धातू उतरतो तो नियम, तेच सांगत होता. एका अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम तांबं उतरतं, ते एक चौरस डेसिमीटरवर पसरलं तर १३.२ मायक्रॉन. तीन अँपिअरने पस्तीस मिनिटांत तेवीस. कारखान्यातल्या साध्या कार्डांना भोकाच्या भिंतीवर सरासरी वीस मायक्रॉन लागतात. आम्ही खूश.

पुढचं काम नेहमीचं होतं. ड्राय फिल्म, म्हणजे यूव्ही पडलं की घट्ट होणारा पातळ पडदा, आयकार्डाच्या लॅमिनेटरने चिकटवली, यूव्हीखाली धरली, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकलली, फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग केलं, म्हणजे नको असलेलं तांबं खाऊ दिलं. ग्लॉसी कागदावर छापलेला टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवायची घरगुती पद्धत इथे चालत नाही. टोनर भोकाच्या तोंडावर तंबूसारखा ताणून बसत नाही, मग फेरिक क्लोराइड भोकात शिरून आपण नुकतंच बसवलेलं तांबं खाऊन टाकतं. फिल्म मात्र तोंड झाकते.

एचिंगनंतर भाच्याने मल्टिमीटर जोडणी असली की बीप देतो त्या खुणेवर लावून ३८ च्या ३८ व्हाया तपासल्या. बीप, बीप, बीप. सगळ्या पास.

सोल्डरिंग करताना एक गोष्ट घडली आणि आम्ही तिच्याकडे काणाडोळा केला. दहा-बारा ठिकाणी सोल्डर थुंकलं. म्हणजे वितळलेल्या सोल्डरमधून बारीक फुगा वर आला, फट् करून फुटला आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं विवर राहिलं. भाचा म्हणाला, "मामा, फ्लक्स जास्त झालाय." मी म्हटलं, "पाऊस आहे, बोर्डात ओल असेल." गंमत बघा, माझं म्हणणं बरोबर होतं आणि तरीही मी चुकत होतो. ओल होतीच. पण भिंतीवर सलग तांबं असतं तर ती वाफ भोकात आलीच नसती, बाहेर पडायला तिला वाट सापडली याचा अर्थ भिंतीला खिडक्या होत्या.

कार्ड बसवलं. अंदाजाने काढलेल्या ट्रॅकपैकी एकच चुकला होता, तो तारेने जोडला. मशीन चालू झालं, वहिनींनी हातावर गरम चकली ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "भाऊ, पाऊण तास चालतं आणि आकडे वेडेवाकडे होऊन बंद पडतं. पंखा लावला की पुन्हा शहाण्यासारखं चालतं."

तापलं की बिघडणारा आणि गार झालं की सुधारणारा दोष म्हणजे कुठेतरी नुसती टेकलेली जोडणी. कार्ड गाळ्यात आणलं, हेअर ड्रायरने तापवलं. डिस्प्ले बिघडला तेव्हा एकेका व्हायावर मीटर लावला. बीप वाजला. सगळीकडे वाजला. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी मीटरकडे.

थोडा हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ०.८ मिलिमीटरचं भोक, १.६ मिलिमीटर खोली, भिंतीवर वीस मायक्रॉन तांबं. त्याचा रोध येतो साधारण ०.५५ मिलिओहम. म्हणजे ओहमचा दोन हजारावा भाग. तांबं दोनच मायक्रॉन असेल तर साडेपाच मिलिओहम. आमच्या मीटरच्या नुसत्या वायरी एकमेकींना लावल्या तरी ०.२ ओहम दाखवतात. वर बीप वाजायची मर्यादा तीस-चाळीस ओहमच्या आसपास. म्हणजे आमच्या नुसत्या ग्रॅफाइटच्या भोकालाही बीप वाजू शकला असता! वीस मायक्रॉन आणि दोन मायक्रॉन यांतला फरक बीपला कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला विचारलं होतं दार उघडं आहे का, आणि आम्ही समजलो की त्याने दाराची जाडी सांगितली.

मग मोजण्याची पद्धत बदलली. बेंच सप्लायवर, म्हणजे हवा तेवढाच करंट देणाऱ्या टेबलावरच्या डब्यावर, करंटची मर्यादा एक अँपिअरला लावली, तो भोकाभोवतीच्या वरच्या तांब्याच्या चकतीतून (पॅडमधून) खालच्या पॅडमध्ये सोडला, आणि मीटरच्या दोन वेगळ्या सुया त्याच पॅडवर टेकवून २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर वाचलं. करंटच्या वायरी वेगळ्या आणि मोजायच्या वेगळ्या, म्हणून वायरींचा रोध मध्ये येत नाही. चांगलं भोक अर्धा मिलिव्होल्ट दाखवायला हवं होतं. पहिल्याने दाखवले ६.२. दुसऱ्याने ९. ट्रान्सफॉर्मरजवळच्या एकाने ४०, आणि शेजारी आयर्न धरलं की आकडा चढतच गेला. अडतीसपैकी अर्ध्या मिलिव्होल्टच्या जवळपास एकही नव्हतं.

भाच्याचा संशय लाईट गेली होती त्यावर. करंट तुटला, पृष्ठभाग मरगळला, पुढचा थर नीट चिकटला नाही, असं त्याचं म्हणणं. तसं होतं खरं, म्हणून मीही मान हलवली. पण अंदाजावर दुसरं पॅनेल करायची माझी तयारी नव्हती. एका भोकाच्या कडेने करवतीने कार्ड कापलं, तुकडा अरल्डाइटमध्ये बुडवून घट्ट केला, आणि चारशे, हजार, दोन हजार नंबरच्या पेपरवर भोकाच्या मध्यापर्यंत घासत नेला. शेवटी ब्रासोचा हात फिरवला. यूएसबी मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. तोंडाशी तांबं दुप्पट जाड, चकचकीत, ओठासारखं आत वळलेलं. थर सलग, लाईट गेल्याची रेघ कुठेच नाही. आणि तिथून आत जाता जाता तांबं पातळ, आणखी पातळ, मधोमध केवळ एक गुलाबी झाक, तीही दोन ठिकाणी तुटलेली. मूळचं सरळ भोक मडक्यासारखं झालेलं, तोंड अरुंद आणि पोट मोठं.

कारण पाण्यात होतं, आणि त्यात काकांची काही चूक नव्हती. त्यांचं पाणी तोटीसाठी होतं. तोटीला चकाकी हवी, भोक नव्हे.

हे मी भाच्याला आमच्या जुन्या चाळीवरून समजावलं. टाकीतून येणारी पाइपलाइन बारीक आणि तळमजल्यावरचे सगळे नळ पूर्ण सोडलेले असले तर चौथ्या मजल्यावर थेंब पोचत नाही. इथे तळमजला म्हणजे भोकाचं तोंड आणि चौथा मजला म्हणजे भोकाचा मध्य. करंटला मध्यापर्यंत पोचायला त्या चिंचोळ्या नळीतलं द्रव ओलांडावं लागतं. द्रवाचा रोध जास्त असला तर तो तोंडाशीच उतरून मोकळा होतो. पाइप जाड करायचा म्हणजे द्रव अधिक करंटवाहू करायचं, आणि ते काम अ‍ॅसिड करतं. नळ थोडे बंद करायचे म्हणजे करंट कमी करायचा. आम्ही दोन्ही उलट केलं होतं, अ‍ॅसिड कमी आणि करंट दाबून. पाण्यात तांबं जास्त म्हणजे भोकात तांबं जास्त, हा भाबडा हिशेबही डोक्यात होताच.

पातळ भिंत बीप देते, मग तापल्यावर का तुटते? त्यालाही आकडा आहे. ग्लास इपॉक्सी जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, आणि १३०-१४० अंशांच्या पुढे तर आणखी चार-पाच पटींनी. सोल्डरिंगच्या २५० अंशांना १.६ मिलिमीटरचा बोर्ड पन्नास-साठ मायक्रॉन उंच होतो. तांब्याची भिंत आपण होऊन सहाच मायक्रॉन वाढते. उरलेलं तिला ताणून घ्यावं लागतं. वीस मायक्रॉनची भिंत ताण सोसते, गुलाबी झाक फाटते. ज्या भोकात पाय आणि सोल्डर आहे तिथे सोल्डर थोडंफार सांभाळून घेतं. रिकाम्या व्हायांना कोण सांभाळणार? म्हणून आमचा बिघाड नेमका व्हायांत होता.

कारखान्यात भोकांसाठी वापरतात ते पाणी वेगळंच असतं. लिटरला साठ ते ऐंशी ग्रॅम मोरचूद आणि १८० ते २२० ग्रॅम अ‍ॅसिड. काकांच्या पाण्यातून तांबं काढून घेता येत नाही, पण पातळ तर करता येतं. त्यांचं १.९ लिटर पाणी घेतलं, त्यात मोरचूद ३८० ग्रॅम. बॅटरीवाल्याकडून १.२५ ग्रॅव्हिटीचं ताजं अ‍ॅसिड आणलं, त्यात लिटरला साधारण ४२० ग्रॅम गंधकाम्ल. ते २.१५ लिटर. बाकी डिस्टिल्ड वॉटर घालून पाच लिटर. अर्थात आधी पाणी आणि मग त्यात अ‍ॅसिड सावकाश, उलट नाही. क्लोराइड लागतं साठ पीपीएमच्या आसपास, म्हणून पाच लिटरला अर्धा ग्रॅम मीठ धरलं होतं. काकांच्या पाण्यात आधीच थोडं असणार म्हणून पाव ग्रॅमवर थांबलो. नळाचं पाणी इथे घ्यायचं नाही, त्यात क्लोरिन किती हे रोज बदलतं.

अ‍ॅनोड म्हणजे बसबारचे, म्हणजे तांब्याच्या जाड पट्टीचे, दोन तुकडे, धन टोकाला जोडून पॅनेलच्या दोन्ही बाजूंना. त्यांचा चिखल पाण्यात पसरू नये म्हणून पिशवी हवी. सुती कापड या अ‍ॅसिडमध्ये विरून जातं, पॉलिस्टर टिकतं. सौ.च्या जुन्या साडीचा पदर कामी आला. त्यावर घरी जे ऐकावं लागलं ते या प्रकरणाचा भाग नाही.

करंट दीड अँपिअर दर चौरस डेसिमीटरला, म्हणजे एकूण पाच, आमच्या बेंच सप्लायला जेमतेम झेपणारा. पहिली वीस मिनिटं त्याच्याही एक तृतीयांश, ग्रॅफाइटवर तांब्याची पहिली साय धरेपर्यंत. पुढे पंचाहत्तर मिनिटं. तांबं कमी असलेल्या पाण्यात भोकाच्या पोटातलं तांबं लवकर संपतं, म्हणून ते सतत बदलत राहायला हवं. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली आणि पॅनेल तिला टांगलं. भोकांच्या दिशेने पुढे-मागे, दोन-तीन सेंटिमीटरचा झोका. टाकण्याआधी पॅनेल पातळ अ‍ॅसिडमध्ये उभं बुडवून टिचक्या मारल्या. प्रत्येक टिचकीला भोकांतून हवेचे मणी सुटून वर येत होते, आणि मागच्या वेळी हे मणी कुठे होते याचा विचार करून मला कसंसं झालं.

या खेपेला पॅनेलच्या चौकटीत दहा जादा भोकं पाडली होती. एचिंगच्या आधी तेवढी पट्टी कापली, घासली, पाहिली. चकाकी मंद, तोटीवर कुणी चालवून घेणार नाही अशी. पण भिंत वरपासून खालपर्यंत सलग, मध्यभागी तोंडाच्या पाऊणपट. त्यानंतरच फिल्म लावली.

एचिंग झाल्यावर दोन अँपिअरवर मोजलं, म्हणजे मीटरला वाचायला आकडा मोठा मिळतो. हिशेबाने १.१ मिलिव्होल्ट हवे होते. छत्तीस व्हाया १.२ ते १.५ मध्ये. दोन मात्र चारच्या वर. भिंगातून पाहिलं तर तिथे फिल्मचा तंबू फाटून फेरिक क्लोराइड आत गेलं होतं. त्या दोन्हींत तार घालून दोन्हीकडून डाग दिला. सोल्डरिंगच्या आधी कार्ड ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन तास ठेवलं. एकही सांधा थुंकला नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मशीन सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत चाललं.

धुवायचं पाणी आणि उरलेलं द्रावण मोरीत सोडलं नाही. तांबं पाण्यातल्या जिवांना विष आहे, आणि आपल्या गटाराचं पाणी शेवटी जातं खाडीत. त्याच ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, फ्लेमिंगो येतात म्हणून आपणच फोटो काढत फिरतो. बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा घातला, फेस ओसरेपर्यंत. निळसर चोथा खाली बसला, तो काकांच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीच्या, गाळाबरोबर गेला. काकांना कापलेलं भोक दाखवलं तेव्हा ते बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. "तीस वर्षं पाईपच्या आत तांबं का जात नाही म्हणून गिऱ्हाइकांशी भांडतोय," एवढंच म्हणाले.

ट्रॅकचं ड्रॉइंग आता पक्कं होतं, म्हणून दसऱ्यानंतर त्याच्या पाच प्रती बोर्ड हाऊसकडून मागवल्या, वहिनींकडे एक सुटं कार्ड असावं म्हणून. पाकीट फोडल्या फोडल्या भाच्याने दोन अँपिअर लावून एक व्हाया मोजली. १.० मिलिव्होल्ट.

"मामा, दोन दशांशांनी हरलो," तो म्हणाला, आणि दुसरी मोजायला घेतली.